सभेचं पान

२ जुलै १९६४, गुरुवार

ही वही घेतली ती रंगांची प्रमाणं लिहून ठेवायला. बाबांनी सगळं बोटांत साठवलं आणि आता बोटंच थरथरायला लागली, म्हणून लिहायचं. पण आज रंगाआधी दुसरंच लिहावंसं वाटतंय. माझी वही आहे, मी काहीही लिहीन.

मारुतीच्या देवळातली पोथी आज घरी आली. पाटलांच्या गड्याने लाल फडक्यात बांधून, डोक्यावर धरून आणली. पांडवांची कथा आहे. पानाच्या एका अंगाला ओव्या, दुसऱ्या अंगाला चित्र. श्रावणात गाव ती ऐकतं, आणि ऐकता ऐकता चित्राचं पान हातोहात फिरतं. द्रौपदीला आणि कृष्णाला लोक कपाळ टेकवतात. दुष्टांच्या तोंडावर अंगठ्याचं नख दाबतात. बायका तर दातओठ खाऊन दाबतात. असं करता करता दुष्टांच्या तोंडांना भोकं पडतात, आणि मग ती पानं आमच्याकडे, चिताऱ्याच्या घरी, नवी करायला येतात. आमच्या घराची चूल एका अर्थी दुःशासनावर चालत आली आहे.

यंदा सभेच्या पानाची दशा वाईट आहे. दुःशासनाचं तोंड गेलंय हे नेहमीचंच, पण मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांची रांगही कसरीने खाल्ली. नुसत्या पगड्या उरल्यात. पान नव्यानेच करायला हवं.

बाबांनी कुंचला उचलून पाहिला, परत ठेवला. मग दाराकडे बघत म्हणाले, "तूच काढ कोकिळे. पण सांगू नको कोणाले."

म्हणजे हात माझा आणि नाव त्यांचं. आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदमच. सध्या चालवून घेते.

५ जुलै

कागद घोटून घोटून खांदा भरून आला. कवडी फिरवत राहायची, कागद आरशासारखा लखलखेपर्यंत. वामनराव, म्हणजे पोथी वाचणारे, मागच्या ओव्या उतरवून देऊन गेले. चष्मा पुसत पुसत दोनदा विचारून गेले की बाबांचा हात कसा आहे. मी म्हटलं, झकास आहे.

बाबांनी शिकवलेलं लिहून ठेवते. माणूस काढायचा तर तोंडाकडे बघायचं नाही, बसायची ढब बघायची. ढब साधली की तोंड आपोआप येतं. बाबा हे सांगत होते तेव्हा नेहमीसारखे बसले होते, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी कवटाळून. पिवळ्याला हरताळ दोन वाल वजनाची, डिंक बोटभर पाण्यात, बाभळीचाच. तांबड्याला हिंगूळ, तो दोनदा धुवायचा.

१४ जुलै, मंगळवार

शेजारच्या गोजरबाईची बना माहेरी आली. गाठोडं घेऊन आली म्हणजे पाहुणी आली नाही. नवऱ्याने दुसरी केली. सासरची माणसं घाटाखालची आहेत, श्रावणात इथे येऊन बैठक घेणार म्हणतात. पोरीत खोट आहे, म्हणून दुसरी करावी लागली, एवढं आमच्या गावाकडून कबूल करून घ्यायचं आहे त्यांना. मग त्यांच्या भावकीत कोणी बोट दाखवणार नाही. दुसरी बायको करायची नाही असा कायदा झालाय, शाळेतले गुरुजी सांगत होते. आमच्या रस्त्याने तो अजून यायचा आहे.

आमच्याकडे बैठकीची रीत अशी: पाटील विचारतात, कोणाले काही बोलायचं हाये का? ज्याला बोलायचं तो उभा राहतो. जो बसून राहिला त्याची संमती.

माझ्या वेळी माझ्या सासरचे, दुसरबीडकडचे लोक आले होते. मी देवळाच्या ओट्यावर बायकांत बसून खिडकीतून बघत होते. माझ्या सासऱ्याने 'खोट' हा शब्द उच्चारला आणि पाटलांनी विचारलं, कोणाले बोलायचं हाये का. विचारताना ते मांडीवरच्या पानाच्या डब्यात बघत होते, चुना शोधत होते. वामनराव चष्मा काढून पुसायला लागले. बाबा गुडघा कवटाळून जमिनीकडे बघत होते. झालं. पाटलांचं पान लावून व्हायच्या आत माझा संसार आटोपला होता.

त्याला आता वर्षं झाली. माझ्या मनात काही उरलेलं नाही. बनाला बघून आठवलं, एवढंच.

२१ जुलै

पान झालं! दुपारभर बघत बसले. इतकं चांगलं मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

द्रौपदी मधोमध, हिंगुळाचं लुगडं. दुःशासन नेहमीचा, मिशाळ. त्याच्यावर फार वेळ घालवायचा नसतो, त्याचं तोंड जायचंच आहे. खरी मजा आली ती मागच्या रांगेत. कसरीने खाल्लेली होती म्हणून सगळी मनाने बसवली. धृतराष्ट्राच्या मांडीवर पानाचा डबा दिला. राजा आहे, खात असेल. द्रोणाचार्यांनी मान खाली घातलीय आणि धोतराच्या सोग्याने काहीतरी पुसताहेत. काय ते मी ठरवलं नाही, हात तसा गेला. आणि भीष्म! भीष्म असा उतरलाय की बोलावलं तर ओ देईल. पांढऱ्या मिशा, नजर खाली, गुडघा कवटाळलेला. म्हातारा माणूस, गुडघा दुखणारच.

फक्त विकर्ण साधला नाही. कौरवांतला तो एकटाच सभेत उठून बोलतो, हे चुकीचं चाललंय म्हणतो. तीनदा काढला आणि तीनदा पुसला. खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. भर बैठकीत उठून उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, हात कुठे ठेवतो, हेच मला माहीत नाही. शेवटी खांबाआड एक पुसट आकृती करून सोडून दिली.

२४ जुलै

बाबांना पान दाखवलं. मला वाटलं होतं पाठीवर हात ठेवतील. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग पान उलटं करून ओव्यांची बाजू वर ठेवली आणि न जेवता शेतावर निघून गेले.  परतल्यावर गुडघा धरून बसलेही नाहीत, पाय लांब सोडून बसले.

मला वाटतं पिवळा जरा भडक झाला. हरताळ कमी घालायला हवी होती. पण तसं सांगावं की माणसाने, तोंड का फिरवायचं? मी काय रात्रंदिवस त्यांच्यासाठीच खांदा मोडून घेतला का?

२ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

पोथी कालच देवळात पोचवली होती. सकाळी पंजाबराव पाटील स्वतः आले, मागे वामनराव, काखेत पोथी. पाटील कधी कोणाच्या घरी जात नाहीत, लोक त्यांच्याकडे जातात. मी पाट टाकले. ते बसले नाहीत. पान काढून बाबांपुढे धरलं आणि विचारलं की गावाची थट्टा चालवली आहे का. धृतराष्ट्राच्या मांडीवरचा डबा कोणाचा? आणि द्रोणाचार्याच्या नाकावर हे दोन वण कशाचे?

मी वाकून बघितलं. खरंच होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा, चष्म्याच्या पडतात तशा. ते मी कधी काढले मला आठवत नाही. वामनराव बिचारे चष्मा काढायला गेले आणि मध्येच थांबले.

आणि तेव्हा मला ते पान पहिल्यांदा दिसलं. दहा दिवस बघत होते, पण दिसलं आज. पाटील, वामनराव, आणि बाजूला गुडघा कवटाळून बसलेले भीष्म. देवळातला तोच खांब, तीच खिडकी. खिडकी तर मी हस्तिनापुराच्या राजवाड्याला दिलीच कशाला होती? मी दोन पावलं मागे सरकले.

पाटील बाबांना म्हणत होते की हे तुम्ही केलं, विश्वास बसत नाही.   बाबांचे हात गुडघ्यावर गेलेच. ते पाहिलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली.

म्हटलं, "बाबांनी नाही काढलं. मी काढलं."

"तू?" पाटील म्हणाले. "अन् असं काऊन काढलं?"

"सभा काढाची होती पाटील. म्या जल्मात एकच सभा पाह्यली हाये. दुसरी कोठून आणू?"

वामनराव खोकले. पाटलांचं तोंड हिंगुळासारखं झालं. श्रावण लागायच्या आत ही तोंडं बदल, नाहीतर पुन्हा या घरात पोथी येणार नाही, एवढं बोलून ते निघाले. मी दारापर्यंत गेले आणि सांगितलं की बदलणार नाही. मुद्दाम केलं नव्हतं, हे त्यांना सांगितलं नाही. आता सांगूनही काय उपयोग? आता मुद्दामच आहे.

बाबा दिवसभर गोठ्यात बसून होते.

६ ऑगस्ट

पाटलांनी धामणगाव बढ्याहून पाट्या रंगवणारा आणवला होता. त्याने पान बघितलं आणि म्हणाला की माझा रंग तेलाचा, या घोटीव कागदावर ठरणार नाही, पसरेल, मागची अक्षरंही जातील. चहा पिऊन परत गेला.

मग म्हणे, पानच काढून ठेवा. त्यावर वामनराव अडले. मागे ओव्या आहेत. पान काढलं तर कथा तुटते, आणि खंडित पोथी गावात वाचली तर वर्ष वाईट जातं. हे पाटलांनाही माहीत आहे. शेवटी ठरलं की ओव्या वाचायच्या, पण चित्र फिरवायचं नाही.

गोजरबाई हे सगळं सांगत होती आणि हसत होती. नंतर एकदम रडायला लागली. बनाची बैठक पोळ्याच्या आधी आहे. मी तिला चूप केलं नाही. रडायचं असेल तर रडावं माणसाने.

मी पुन्हा कधी कुंचला धरीन का, हा विचार सारखा येतो. हे काम सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि या घराचं काम एवढंच. पण तोंडं बदलायला बसले तर हात ऐकणार नाही, हेही माहीत आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार

दिवस मावळता देवूळ भरलं. निंदणीवरून बायका तशाच आल्या होत्या, हाताला मातीचा वास. आज सभेचा अध्याय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पानात काय आहे हेही. आमच्या गावात काय लपतं?

वामनराव वाचत गेले. द्रौपदीचे प्रश्न आले तेव्हा त्यांचा आवाज बसला. पान वाचून झालं आणि त्यांनी ते चित्र खाली करून पोथीवर ठेवलं. पाटील म्हणाले, पुढचं घ्या.

बायकांतून गोजरबाई उठली. देवळात बाई उठून बोलत नाही. ती म्हणाली, "पान फिरवा. दरसाली फिरते."

पाटलांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग आमच्याच आळीतल्या उकंडरावांची म्हातारी म्हणाली, फिरवा. मग मागून कोणीतरी. मग सगळ्याच. आरडाओरडा नव्हता, नुसतं फिरवा, फिरवा. वामनरावांनी पाटलांकडे बघितलं नाही. त्यांनी पान उचललं आणि जवळच्या बाईच्या हातात दिलं.

गोजरबाईकडे पान आलं. तिने द्रौपदीला कपाळ टेकवलं. मग अंगठा दुःशासनावर नेला, तिथे थांबली, आणि तसाच मागे सरकवून पानाच्या डब्यावाल्याच्या तोंडावर दाबला. पुढचीने द्रोणाचार्यांवर. दुःशासनाला यंदा फारसं कोणी विचारलंच नाही. पान माझ्याकडे आलं तेव्हा दोन तोंडं गेलेली होती. भीष्म मात्र शाबूत होता. भीष्माला आजवर कोणी नख लावलेलं नाही, आणि माझ्याकडे बघूनही बायकांनी सोडला असेल. मी कोणालाच नख लावलं नाही. मी काढलं तेवढं बास.

पान पुरुषांत गेलं. तिकडे गुमान दुःशासनावरच नखं पडली. दाराशी बसलेल्या बाबांच्या हातात ते शेवटी आलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. हात इतका हलत होता की कागद वाजत होता. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं, आणि अंगठ्याचं नख भीष्माच्या तोंडावर ठेवून दाबलं. पलीकडून भोक पडेपर्यंत दाबलं.

मला वाटलं होतं असं काही झालं तर मी खूश होईन. झाले नाही. 

२० ऑगस्ट

सकाळी बाबा चुलीपाशी आले. म्हणाले, "नवं पान करशीन तवा त्याले उभा काढजो."

मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "नाही काढणार. कथेत भीष्म उठला नाही, बाबा. त्या दिशी तो बसलाच होता."

फार कठोर बोलले का? बोलले तर बोलले. चार वर्षं या घरात मी त्यांचं दुखणंखुपणं काढते, गुडघ्याला तेल लावते, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. कागदावर उभं राहणं सोपं आहे. तेवढ्यावर मी भागवून घेणार नाही.

ते भाकरी खाऊन उठले. तेल लावून देऊ का विचारलं तर नको म्हणाले.

२ सप्टेंबर, बुधवार

बनाची बैठक झाली.

घाटाखालचे पाचसहा जण आले होते. मी, बना, गोजरबाई, सगळ्या त्याच ओट्यावर, त्याच खिडकीशी. बनाचा हात माझ्या हातात होता, थंडगार. तिच्या सासऱ्याने तोच शब्द काढला. पोरीत खोट हाये. मला वाटलं कोणीतरी जुनं पान पुन्हा वाचतंय.

पाटलांनी विचारलं, कोणाले काही बोलायचं हाये का? डबा यंदा त्यांच्या मांडीवर नव्हता. नजर मात्र खालीच.

कोणी हललं नाही. मी खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. म्हटलं, झालं. आणि तेवढ्यात बाबांनी खांबाला हात घातला. उठताना दोनदा खाली बसले. तिसऱ्यांदा खांबाला मिठी मारून वर आले, दुखरा पाय जरा वाकलेला, टोपी तिरपी. धोतराचा सोगा सुटून लोंबत होता.

पाटील म्हणाले, "बसा महादेवराव. पाय दुखतीन तुमचे."

"दुखूनच राह्यले," बाबा म्हणाले. "पण आज बसत नाही."

मग ते खांब धरून उभे राहिले.  लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी खिडकीतून ओरडणार होते की बोला हो, बोला. मग ते बोलले, मोठ्याने नाही.

"पोरीत खोट नाही. या पोरीत नाही, अन् माह्या पोरीतही नव्हती. तवा म्या बसून राह्यलो होतो."

एवढंच. त्याहून जास्त त्यांना आलं नाही. पण ते खाली बसले नाहीत. वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेही उठले. मग उकंडराव. घाटाखालचे म्हणाले की हे काय चाललंय, आणि पाटलांना काही सांगता येईना. गावात माणसं उभी असताना संमती दिली असं म्हणता येत नाही. पाहुण्यांनी पायताणं घातली आणि गेले. पुढे काय होईल कोणाला ठाऊक, बना आहे तिथेच आहे. पण तो शब्द आमच्या गावाने घेतला नाही.

घरी आल्यावर मी तेलाची वाटी घेऊन बाबांच्या पायाशी बसले. आज त्यांनी नको म्हटलं नाही. तेल लावताना मला रडू आलं आणि ते त्यांना दिसलं. दिसू दे.

१० सप्टेंबर, गणेश चतुर्थी

पाटलांनी पोथी पाठवलेली नाही, पाठवणारही नाहीत. वामनरावांनी काल फडक्यात गुंडाळून ते एकच पान आणलं. मागच्या रांगेतली तीन तोंडं भोकं पडलेली. नव्या कागदावर मागच्या ओव्या आधीच उतरवून आणल्या होत्या. म्हणाले, गावाची पोथी आहे, पाटलाची नाही. पुढच्या श्रावणाला कशी वाचायची ते मी बघतो. जाताना दारात थांबून म्हणाले, "माह्या नाकावरचे वण राहू दे."

आज नैवेद्य झाल्यावर बसले. डबा डब्याच्या जागी, वण वणांच्या जागी. भीष्म गुडघा कवटाळून खालीच बसवला, होता तसा. बाबा मागून बघत होते. 

मग विकर्ण घेतला. या वेळी पुसावं लागलं नाही. खांबाला घातलेली मिठी, वाकलेला पाय, तिरपी टोपी, लोंबता सोगा. ढब आली तसं तोंडही आपोआप आलं, आणि तोंड आलं तशा मिशाही आल्या, पांढऱ्याशुभ्र.

संध्याकाळी वामनराव आरतीला आले आणि ओलं पान न्याहाळून म्हणाले की विकर्ण तर तरणा होता, कोवळा पोरगा, त्याला अशा मिशा कशा?

मी म्हटलं, "आमच्या गावात तो उशिरा उठला."